गिरणगावात आलेल्या घराण्याचा माग: सार्वजनिक ग्रंथालयात नेमके काय मागायचे?

शास्त्रीकाठ

नमस्कार मंडळी. आमचे मूळ गाव संगमेश्वर तालुक्यातले. पणजोबा १९१५ च्या सुमारास गिरणीत कामाला मुंबईला आले, एवढेच घरात सांगतात. हाताशी तीन गोष्टी आहेत: आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला (मुंबईतली पालिकेची शाळा, १९३४), गावच्या जमिनीचा आत्ताचा सातबारा आणि कुलदैवताचे नाव. मुंबईत आम्ही गावावरून पडलेले '-कर' आडनाव लावतो, गावात मात्र भावकीचे आडनाव निराळे आहे.

घराण्याचा कुलवृत्तांत, म्हणजे वंशावळीचा छापील ग्रंथ, आहे का ते इंटरनेटवर पाहिले, सापडला नाही. दिवाळीनंतर मुंबईत चार आणि रत्नागिरीकडे तीन दिवस या कामासाठी काढता येतील. सुरुवात सार्वजनिक ग्रंथालयातून करावी असा विचार आहे. तिथे जाऊन नेमके काय मागायचे? कुळवाडी घराण्याचे तिथे काही मिळते का, की ते फक्त वतनदारांसाठी?

मागणीचिठ्ठी

आधी अपेक्षा पक्की करून घ्या. ग्रंथालयातल्या छापील पुस्तकात पणजोबांचे नाव सापडण्याची शक्यता फार थोडी. वतनदार, भिक्षुक, सरकारी नोकर, पदवीधर यांची नावे छापली गेली. कुळांची आणि गिरणीकामगारांची नावे आहेत, भरपूर आहेत, पण ती दप्तरात: फेरफारात (जमिनीच्या हक्कातल्या बदलांची नोंद), कोतवाल बुकात (गावची जन्म-मृत्यूची वही), शाळेच्या जनरल रजिस्टरात. ग्रंथालयातून आणायचे ते हे की कोणत्या गावचे, कोणत्या सालचे, कोणते रजिस्टर मागायचे आणि त्यात नाव कोणत्या रूपात शोधायचे. अभिलेख कक्षात 'आमच्या पूर्वजांचे जे काही असेल ते द्या' असा अर्ज केला तर तो परत येतो, आणि त्यात कारकुनाची चूक नसते.

जाण्यापूर्वी घरी एक काम करा. प्रत्येक माणसासाठी एक कागद घ्या. त्यावर नाव, बापाचे नाव, आईचे नाव आणि तिचे माहेर, गाव व वाडी, जात जशी दाखल्यात लिहिली आहे तशीच, आणि आडनावाची सगळी रूपे. तुमच्या बाबतीत दोन्ही आडनावे लिहा, कारण मुंबईच्या कागदात '-कर' असेल आणि गावच्या कागदात भावकीचे. शंभर वर्षांपूर्वीच्या गावच्या कागदात बरेचदा आडनावच नसते, 'अमुक बिन तमुक, कुणबी' एवढेच असते. ज्याने फक्त आडनावावर शोध घेतला त्याचा शोध इथेच थांबतो.

आता मुंबई. नगर भवनात, म्हणजे टाऊन हॉलच्या वास्तूत, एशियाटिक सोसायटी आणि राज्य मध्यवर्ती ग्रंथालय ही दोन्ही आहेत. पुस्तके सुपूर्द करण्याच्या १९५४ च्या कायद्याने देशात छापलेल्या पुस्तकाची प्रत ज्या चार ग्रंथालयांकडे जायला हवी त्यांतले एक मुंबईचे हे मध्यवर्ती ग्रंथालय. एखादे घराणे किंवा ज्ञातिसंस्था यांनी शे-दोनशे प्रती छापलेली पुस्तिका कुठेच मिळत नसेल तर इथे विचारावी. दुसरे ठिकाण मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, १८९८ पासूनचे, त्याचा संदर्भ विभाग. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय त्याहून पाच वर्षांनी जुने. रत्नागिरीत जिल्हा नगर वाचनालय, १८२८ चे. चिपळूणला लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर आहे, पण चिपळूणने २००५ आणि २०२१ चे महापूर पाहिले आहेत. जुने खंड आज पाहायला मिळतात का ते फोन करून विचारल्याशिवाय तिकडे दिवस घालवू नका.

फोनवर चार गोष्टी विचाराव्यात. संदर्भ विभाग किती ते किती उघडा असतो. सभासद नसलेल्याला बसून वाचता येते का, अनामत लागते का. बंद कपाटातले किंवा दुर्मिळ विभागातले पुस्तक त्याच दिवशी मिळते का. आणि मोबाइलने फोटो घेऊ देतात का. ठिसूळ झालेल्या पुस्तकाची झेरॉक्स कोणी देत नाही, ते योग्यच आहे. पान उलटे दाबले की शिवण सुटते. पेन्सिल आणि वही न्यावी.

यादीत शोधताना संगणकावर विसंबू नका. बऱ्याच जुन्या ग्रंथालयांत अलीकडची खरेदी तेवढी संगणकात आहे आणि जुना संग्रह कार्डांवर किंवा दाखल नोंदवहीत. शब्दही बदलून बघा: कुलवृत्तांत, कुलवृत्तान्त, कुळवृत्तांत, वंशावळी, वंशवृक्ष, घराण्याचा इतिहास, बखर. पुस्तके लावायला ड्यूई वर्गीकरण पद्धत असेल तर वंशावळीचा वर्गांक ९२९ आणि महाराष्ट्राच्या इतिहासाचा ९५४.७९२, कपाट खुले असेल तर त्या दोन रांगा डोळ्यांखालून घाला. आणि शं. ग. दाते यांची मराठी ग्रंथसूची मागा. १८०० ते १९३७ आणि १९३८ ते १९५० अशा तिच्या दोन भागांत त्या काळात छापलेल्या मराठी पुस्तकांची विषयवार नोंद आहे. इंटरनेटवर सापडला नाही म्हणजे कुलवृत्तांत छापलाच नाही असे होत नाही. दात्यांच्या सूचीत नसेल तर मात्र १९५० पर्यंत तो बहुधा निघालेला नाही.

कुळवाडी घराण्यासाठी माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित साधन म्हणजे स्मरणिका आणि ज्ञातीची मासिके. मुंबईतल्या गावकरी मंडळांची सुवर्णमहोत्सवी अंक-पुस्तिका, तालुका सेवा संघाचे अहवाल, कोकणातल्या शाळेची शताब्दी स्मरणिका, पतपेढीचा अहवाल. यांत वर्गणीदारांची, संस्थापकांची, माजी विद्यार्थ्यांची नावे गाव-वाडीसकट असतात. यादीत ही 'पुस्तक' म्हणून येत नाहीत. ग्रंथपालांना 'स्मरणिका वेगळ्या ठेवता का' असे सरळ विचारा. पुष्कळ ठिकाणी त्या एखाद्या कपाटात न नोंदवता बांधून ठेवलेल्या असतात आणि ठेवणाऱ्याखेरीज कोणाला ठाऊक नसतात.

गॅझेटिअर, म्हणजे जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ, वाचा, पण नावासाठी नव्हे. रत्नागिरी आणि सावंतवाडीचा कॅम्बेल यांचा दहावा खंड १८८० चा आहे. त्यातून खोती, म्हणजे खोतामार्फत गावचा सारा वसूल करण्याची पद्धत, कशी चालायची, तालुके कसे होते, मुंबईला माणसे का आणि कशी जात, हे कळते. त्या वेळी गुहागर हा चिपळूणचा पेटा, म्हणजे तालुक्याचा पोटविभाग, होता आणि मंडणगड दापोलीचा. १९८१ पर्यंत सिंधुदुर्ग वेगळा नव्हता, तेव्हा जुन्या कागदात 'जिल्हा रत्नागिरी' म्हणजे मालवण-देवगडही असू शकते. एकाच नावाची गावे कोकणात भरपूर. त्यासाठी १९५१ किंवा १९६१ च्या जनगणनेची जिल्हा पुस्तिका मागा, तिच्यात तालुकावार प्रत्येक गाव आहे. तुमच्या नावाची किती गावे आहेत ते आधीच मोजून घ्या.

परदेशातले लोक जनगणनेच्या घरोघरच्या याद्यांतून पूर्वज शोधतात, ते वाचून इथे तसे मागू नका. आपल्याकडे जनगणनेतली व्यक्तिगत माहिती कायद्यानेच गोपनीय आहे. छापील खंडांत फक्त आकडे मिळतात.

प्रत्येक टिपणाखाली ग्रंथाचे नाव, आवृत्ती, साल, पान, ग्रंथालयाचे नाव आणि दाखल क्रमांक लिहा. दुर्मिळ पुस्तक पुन्हा मागवताना दाखल क्रमांक असेल तर पाच मिनिटांत येते.

हिस्सा_नंबर

वरचे सगळे पटते. दप्तराचा भाग मी लिहितो, कारण सातबारा हातात आहे म्हणजे तुमचे निम्मे काम झाले आहे.

आत्ताच्या सातबाऱ्यावर नावांच्या जवळ वर्तुळात किंवा कंसात आकडे दिसतात, ते फेरफार क्रमांक. सर्वांत जुना म्हणजे लहान आकडा घ्या. तो फेरफार, म्हणजे गाव नमुना ६ मधली नोंद, काढा. तीत लिहिलेले असते की अमुक मयत झाला, तारीख अमुक, वारस अमुक. ती नोंद वाचली की त्याआधीच्या मयताचे नाव मिळते. मग त्या नावाचा जुना सातबारा आणि त्यावरचा आणखी जुना फेरफार. अशी साखळी मागे नेत जायची. हक्कनोंदणीचा कायदा मुंबई इलाख्यात १९०३ चा, त्यामुळे नशिबात असेल तर विसाव्या शतकाच्या पहिल्या-दुसऱ्या दशकापर्यंत पोचता येते.

साखळी तुटते ती तीन ठिकाणी.

पहिली जागा गट नंबर. १९४७ च्या कायद्याने एकत्रीकरण योजना ज्या गावांत झाली तिथे सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. जुना सर्व्हे नंबर कुठल्या गटात गेला ते एकत्रीकरणाच्या तक्त्यावरून बघावे लागते; तो भूमी अभिलेख उपअधीक्षकांकडे. कोकणात पुष्कळ गावी योजना झालीच नाही, तिथे सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबरच चालू आहेत. तुमच्या उताऱ्यावर 'हिस्सा' दिसत असेल तर हा त्रास वाचला.

दुसरी, आणि तुमच्यासाठी मुख्य, खोती. खोती गावात तुमचे पूर्वज मालक म्हणून नसतील, कूळ म्हणून असतील. खोती १९४९ च्या कायद्याने गेली. कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ ला कसणारा मालक मानला गेला आणि त्यातल्या कलम ३२ ग खाली किंमत ठरून कलम ३२ म चा दाखला मिळाला. त्याआधीच्या उताऱ्यात सात क्रमांकाच्या भागात खोताचे नाव, आणि तुमच्या माणसाचे नाव कुळाच्या किंवा कसणाऱ्याच्या रकान्यात. नुसते 'कब्जेदार' बघून 'आमचे नाव नाही' म्हणत परत येणारे खूप. त्याहून मागे रत्नागिरी जिल्ह्यात बोटखत बघायचे. १८८० च्या खोती सेटलमेंट कायद्याच्या काळातले हे रजिस्टर. त्यात कोणत्या नंबरावर कोण कूळ, त्याचा हक्क कसला, खोताला काय द्यायचे, हे लिहिलेले असते. कुळवाडी घराण्यासाठी याहून मोलाचा कागद मला तरी माहीत नाही.

तिसरी जागा नावाची. वारसनोंदीत पणजोबा मुंबईत असल्यामुळे बरेचदा फक्त गावी राहिलेल्या थोरल्या भावाचे नाव 'एकत्र कुटुंबाचा मॅनेजर' म्हणजे ए.कु.मॅ. असे लागते. ए.कु.मॅ. दिसले की धाकटे भाऊ आहेत असे धरून पुढचे फेरफार शोधा, वाटणीच्या वेळी सगळी नावे एकदम बाहेर येतात.

बायकांची नावे हवी असतील तर १९५६ नंतरच्या वारसनोंदी शोधा. हिंदू वारसा कायद्यानंतर मुलींचीही नावे लागू लागली, सासरच्या नावाने आणि गावासकट. पाठोपाठ हक्कसोड पत्राचा फेरफार असतो. हक्क सोडल्याचे वाचून वाईट वाटते, पण कुठली आत्या कुठल्या गावात दिली होती हे बहुधा तिथेच लिहिलेले सापडते.

स्कॅन झालेली जुनी दप्तरे 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावर बघता येतात. जिल्हा-तालुका-गाव, अभिलेखाचा प्रकार, मग नंबर, असा क्रम. तिथे नसेल तर तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात नक्कल अर्ज. संगमेश्वर तालुक्याची कचेरी देवरुखला आहे हे ध्यानात ठेवा. अर्जात गाव, सर्व्हे-हिस्सा, कोणता नमुना आणि साल ही चारही हवीत.

आणखी एक. २०२३ पासून कुणबी नोंदी शोधण्याचे काम झाले तेव्हा बऱ्याच जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर गाव नमुना १४ म्हणजे कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची पाने आणि शाळांची प्रवेश-निर्गम रजिस्टरे तालुका-गाववार टाकली गेली. फुकट आहेत, घरबसल्या बघा. पण फक्त ज्यांत 'कुणबी' अशी नोंद सापडली तीच पाने वर चढवली. तुमचे पान नाही म्हणजे रजिस्टर नाही असे समजू नका.

शास्त्रीकाठ

दोघांचेही मनापासून आभार. सातबारा काढून पाहिला, 'हिस्सा' आहे. कूळ म्हणून शोधायचे डोक्यातच नव्हते.

चुलत्यांनी आज घरातल्या दोन कागदांचे फोटो पाठवले. दोन्ही मोडीत. एकावर वरच्या ओळीत 'शके १८११' आणि 'माघ' एवढे एका जाणकाराने वाचून दिले. म्हणजे १८८९ का? आणि मोडी शिकायला किती खोलात जावे लागेल? की वाचून घेणेच बरे?

बोरू

शके १८११ माघ म्हणजे १८९०. शकात ७८ मिळवायचे ते चैत्रापासून डिसेंबर संपेपर्यंत. जानेवारी लागला की फाल्गुन अखेरपर्यंत ७९. माघ नेहमी जानेवारी-फेब्रुवारीच्या आसपास, म्हणून १८११ अधिक ७९. पौष महिना मधोमध सापडतो, त्याला तिथी घेऊन पंचांग बघावे लागते. पिढ्यांची जन्ममृत्यूची वर्षे एकाने चुकलेली दिसतात, त्यामागे बहुतेक हेच असते.

फसली सन, म्हणजे महसुली वर्ष, दिसला तर ५९० मिळवा. ते वर्ष इकडे जूनमध्ये सुरू होते, म्हणून दोन इंग्रजी सालांत विभागते. पेशवाईतल्या, पुढे छापून निघालेल्या कागदांत सुहूर सन येईल, त्यात ५९९, आणि तेही मृगापासून. सुहूर आकड्यात न लिहिता अरबी शब्दांत लिहीत, एकं आधी आणि हजार शेवटी: 'इसन्ने सबैन मया व अलफ' म्हणजे दोन, सत्तर, शंभर आणि हजार, ११७२, म्हणजे १७७१-७२. इथे ठरलेली चूक म्हणजे सबा आणि सबैन यांची गल्लत. सबा सात, सबैन सत्तर. तसेच सलास तीन, सलासीन तीस. एका अक्षराने पिढ्या हलतात.

आता मोडी. वाचून घ्या, पण अक्षरओळखीपुरती शिकाही. कारण वाचून देणारा तुमच्या एका कागदापुरता असतो, आणि कोतवाल बुकाची दोनशे पाने उलटताना आपल्या गावाचे व आडनावाचे वळण तुमच्याच डोळ्याला ओळखता यायला हवे. पुराभिलेख संचालनालयातर्फे मोडीचे वर्ग होतात, काही विद्यापीठांतही होतात. ग्रंथालयात मोडीची बाराखडी-पुस्तके मिळतात. त्यांतले छापील मोडी शिकून थांबू नका. छापील मोडी सुटे असते आणि हाताचे मोडी जोडलेले. एकच रजिस्टर, एकाच लेखकाच्या हातचे, ओळीने दहा पाने वाचा. त्या लेखकाचा हात एकदा बसला की उरलेले रजिस्टर भरभर जाते. दुसऱ्या लेखकाशी पुन्हा पहिल्यापासून.

अडते ते असे. आधी शिरोरेघ पानभर ओढलेली, मग अक्षरे तिला टांगलेली, शब्दांत अंतर नाही, पूर्णविराम नाही. वेलांटी एकच, उकार एकच. त्यामुळे मोडी कागदावरून आडनावाचे ऱ्हस्वदीर्घ ठरवू नका. आणि लघुरूपे. मौ॥ म्हणजे मौजे, क॥ कसबे, त॥ तर्फ, प॥ परगणे, मु॥ मुक्काम. रा॥ हे नावाआधी आले तर राजश्री आणि गावाआधी आले तर राहणार. नात्याचे शब्द तर पाठच करा: 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा, 'वलद' तेच, 'कोम' आणि 'भ्रतार' हे नवऱ्याचे नाव सांगतात. 'रखमी भ्रतार गोविंद' यात गोविंद हा बाप नव्हे. वंशवृक्षात सुना मुली होऊन बसतात त्या या एका शब्दामुळे.

शके १८११ चा कागद घरातला असेल तर तो लॅमिनेट करू नका आणि सेलोटेप लावू नका. चिकटपट्टीचा डिंक काही वर्षांत कागदात उतरतो आणि शाई खातो. घडी न घालता सपाट ठेवा, उजेडात तिरप्या कोनातून फोटो घ्या. फिकी शाईही वर येते.

कमरपट्टा

दोन भर.

पहिल्या महायुद्धात रत्नागिरी जिल्ह्यातून फार मोठी भरती झाली. घराण्यातला कोणी 'लढाईत गेला' एवढेच कुणी सांगत असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर नाव शोधा, ते फुकट आहे. मृताच्या नोंदीत पलटण, क्रमांक, तारीख असते आणि हिंदी शिपायांच्या बऱ्याच नोंदींत बापाचे नाव, गाव, तालुका, जिल्हा. नावाने शोधू नका, इंग्रजी स्पेलिंग कसेही आहे. तालुक्याचे किंवा जिल्ह्याचे नाव 'अधिक माहिती'त टाकून शोधा. १०३, १०५ आणि ११० या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या आणि ११४, ११६, ११७ या मराठा पलटणी बघा. मेसोपोटेमियात पडलेल्यांची नावे बसऱ्याच्या स्मारकाखाली येतात. लक्षात घ्या, ही फक्त मेलेल्यांची यादी आहे. जिवंत परतलेला तिथे मिळणार नाही. गावात 'या गावातून इतके पुरुष महायुद्धावर गेले' अशी इंग्रजी दगडी पाटी असेल तर तिच्यावरचा आकडाही टिपून आणा.

दुसरे, गिरणगाव. गिरण्यांच्या हजेऱ्या शोधण्यात दिवस घालवू नका. त्याऐवजी गावकऱ्यांच्या खोल्या. एका गावचे लोक एका चाळीत भाड्याने खोली घेऊन राहत, तिचे मंडळ असे, आणि मंडळाची वर्गणीची वही असे. ज्या मंडळाचे कार्यालय आज डोंबिवली-विरारला गेले आहे त्यांच्याकडेही जुन्या वह्या ट्रंकेत असतात. मागणीचिठ्ठी यांनी सांगितलेल्या स्मरणिकेत मंडळाचा पत्ता मिळेल.

तिसरी_पिढी

कुलवृत्तांताबद्दल एक सावधगिरी, कारण भावकीच्या आडनावाचा एखादा सापडला तर मोह होणार.

हे ग्रंथ बहुतेक माहितीपत्रके पाठवून तयार झाले. ज्यांनी पत्रक भरले ते आत, ज्यांनी नाही भरले ते बाहेर. म्हणून शेवटी 'न जुळलेली घराणी' असा भाग असतो, शोध तिथून सुरू करा. मुख्य वृक्षावर आधीच उडी मारू नका. आजोबाचे नाव नातवाला ठेवण्याच्या रीतीमुळे 'गोविंद-सखाराम-गोविंद-सखाराम' अशा माळा होतात आणि नक्कल करणाऱ्याकडून दोन पिढ्या गळतात. ताळा सोपा आहे: पिढीला सरासरी २५ ते ३० वर्षे धरा. १८९० ला कर्ता असलेल्या माणसापासून वृक्षाच्या मूळ पुरुषापर्यंत सहा पिढ्या आणि मूळ पुरुष शिवकाळातला म्हणत असतील तर दोनतीन पिढ्या हरवल्या आहेत. दत्तक असेल तर दोन्ही घरी नोंद करा, जन्मदात्या आणि दत्तक घेणाऱ्या. आणि केवळ आडनाव व कुलदैवत एक आहे म्हणून आपली फांदी कुणाच्या झाडाला जोडू नका. जोडायला एका माणसाचे तरी बापासकट नाव दोन स्वतंत्र कागदांत जुळले पाहिजे.

त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूर इथल्या तीर्थोपाध्यांच्या वह्यांबाबतही तेच. घराण्यातले कोणी तिथे जाऊन नाव घातले असेल तरच नोंद असते. जाताना भावकीचे आडनाव, गाव, तालुका घेऊन जा. '-कर' सांगितलेत तर उपाध्ये भलतीच वही काढतील. पण वहीतली यात्रेकरूने स्वतः सांगितलेली तीन-चार पिढ्यांची नावे फार विश्वासाची, कारण पिंड कोणाच्या नावाने द्यायचा ते तो चुकवत नाही.

मागणीचिठ्ठी

शास्त्रीकाठ, एक राहून गेले, आणि ते तुमच्या हातातच आहे. आजोबांच्या १९३४ च्या दाखल्यावर जनरल रजिस्टरचा नंबर आणि 'यापूर्वीची शाळा' असे दोन रकाने असतील, ते वाचा. पूर्वीची शाळा गावची निघाली तर मूल गावी वाढून नंतर मुंबईला आले, म्हणजे १९१५ नंतरही बिऱ्हाड गावीच होते आणि कोतवाल बुकात त्या वर्षांतले त्यांच्या भावंडांचे जन्म असणार. गावची शाळा त्या काळी लोकल बोर्डाची असेल, १९६२ पासून ती जिल्हा परिषदेची. जनरल रजिस्टर बहुधा शाळेतच असते. शाळा बंद किंवा विलीन झाली असेल तर केंद्रशाळेत, नाहीतर पंचायत समितीच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे विचारा. रत्नागिरीकडचे तीन दिवस शाळा चालू असतील असे निवडा. दिवाळीच्या सुट्टीत गेलात तर कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांबरोबर त्यांच्या गावी गेलेली असेल.

जन्मतारीख १ जून लिहिली असेल तर तिच्यावर विसंबू नका. प्रवेशाच्या वेळी वय अंदाजे धरून गुरुजींनी घातलेली तारीख ती. रजिस्टरात त्याच वर्षी दाखल झालेल्या पुढच्यामागच्या वीसेक मुलांच्या तारखा बघा. सगळ्यांची १ जून असेल तर जन्मवर्ष दोन वर्षे अलीकडे-पलीकडे धरून कोतवाल बुकाची पाने मागवा.